वाचून दाखवणारं मशीन

दिव्यांग विद्यार्थ्यांना अभ्यासात काय मदत लागते हे विचारायला एका संस्थेच्या मॅडम कॉलेजात आल्या होत्या. सुचिताला दिसत नव्हतं. शेजारच्या मैत्रिणीचा हात धरून ती म्हणाली, ‘वाचून पूनम दाखवते. पण मले मशीन द्या, मंग हिले तरास नाही.’ पूनमनं हात हळूच सोडवून घेतला. मशीन आलं. ते पुस्तक न अडखळता वाचायचं. पूनमसारखं मधेच थांबून कोणी काय घातलंय ते सांगायचं नाही. आज मेहकरच्या स्टँडवर सुचिता एकटीच कानात इयरफोन घालून बीबी गावाच्या गाडीची वाट पाहत होती. पूनमची घासत चालणारी चप्पल जवळ येऊन थांबली. ‘हाक मार ना तिले,’ सोबतची पोरगी म्हणाली. ‘राहू दे वं,’ पूनम म्हणाली, ‘ते अभ्यास करून राह्यली.’ चप्पल घासत दूर गेली. मांडीवरचं मशीन सुचितानं सकाळपासून चालूच केलं नव्हतं.