माळ्यावरचा ड्रमसेट

गाठ काही केल्या सुटेना. जफरनं आधी नखं लावली, मग स्क्रूड्रायव्हर, मग दातही लावून पाहिले. शेवटी वैतागून त्यानं ब्लेडनं दोरी कापली आणि निळी ताडपत्री बाजूला केली.

चौदा वर्षांनी ड्रमसेटला उजेड दिसला.

जफरला वाटलं होतं, लाकडाचा भुसा झाला असेल. बोरी अरबच्या त्याच्या गॅरेजचं टिनाचं छत दर पावसाळ्यात नेमकं माळ्यावरच गळायचं. पण मोठा ड्रम आणि तिन्ही छोटे कोरडे ठणठणीत होते. वरचा लाल चमकीचा कागद तेवढा फुगला होता आणि लोखंडी कड्यांना गंज चढला होता.

ही ताडपत्री त्याला आठवत नव्हती. त्यानं तेव्हा वर नुसतं एक पोतं फेकलं होतं. त्यानंतर माळ्याकडे मान वर करून पाहायचीही हिंमत झाली नव्हती. म्हणजे अब्बांनी झाकला. अब्बांना माहीत होतं. रोज शेजारी बसून चहा प्यायले आणि एक शब्द न बोलता गेले. जफरला स्वतःची इतकी लाज वाटली की तो शिडीवरच बसून राहिला.

तेव्हा दारव्हा तालुक्यात वरात म्हटली की पुढे अमरसिंग राठोडांची धुमाल पार्टी, ड्रम-ताशांचा ताफा. चार वर्षं ड्रमवर जफर होता. मग एका मोठ्या लग्नात अमरसिंगांनी काड्या पुतण्याच्या, बादलच्या हातात दिल्या. बादल जफरचा जिवलग. तो जफरपेक्षा बरा वाजवायचा, आणि तेच जफरला सोसलं नाही. दुपारी सगळे पंगतीला बसले असताना त्यानं ड्रमसेट गॅरेजच्या टेम्पोत घातला आणि थेट माळ्यावर चढवला.

राखणीला बादल होता. अमरसिंगांनी त्याला भर मांडवात मारलं. विकून खाल्ला म्हणाले. बादल एवढंच बोलला, "माह्या हातून गेला."

तिसऱ्या दिवशी तो पुण्याला निघून गेला. जाण्याआधी गॅरेजवर येऊन बराच वेळ थांबला होता, असं अब्बांनी सांगितलं. जफर त्या दिवशी मुद्दाम कळंबला जाऊन बसला होता. कोणत्या तोंडानं भेटणार?

अमरसिंग मरेपर्यंत पुतण्याशी बोलले नाहीत. आता बादल तांड्यावर परत आला होता आणि पदरचं थोडंफार घालून स्वतःची धुमाल उभी करत होता. ड्रमसेट सोडून सगळं जमलं होतं, आणि तो मी देतो, असा निरोप जफरनं धाडला होता.

नवं सामान आणायची जफरची ऐपत नव्हती, पण गाड्या रंगवणाऱ्याला रंगाची काय कमी? बायकोच्या इस्त्रीनं कागद तापवून त्यानं सोलून काढला. थिनरनं डिंक पुसला. भेगांत गाड्यांची उरलीसुरली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि दोन दिवस पॉलिश पेपर घासला. कुणाच्या तरी जीपचा निळा रंग डब्याच्या तळाशी होता, तो तीन हातांना पुरला. लोखंडी कडी चिंचेनं घासून चकचकीत केली. ड्रमच्या तोंडावरची दोन पानं फाटली होती, तेवढी नवी विकत आणली.

लालचा निळा झाला. ओळखू येऊ नये, हाही हेतू होताच. खोटं कशाला बोला.

"रंग तो अच्छा चढा," त्याची बायको कहकशां म्हणाली. तिला सगळं ठाऊक होतं. "लेकिन सच कब बोलोगे?"

"देते वक्त बोलूंगा."

बादल रविवारी सकाळी टेम्पो घेऊन आला. केस पिकले होते, हसू मात्र तेच होतं. तो ड्रमभोवती एक चक्कर मारून आला, बोटानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"मस्त बनवला रे भिया. कुठून आणला?"

दारात कहकशां उभी होती. जफरनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"नागपूरहून. भंगारात भेटला."

"भंगारात बी लाकूड कोरडं राह्यलं म्हणायचं."

"हो नं."

कहकशां आत निघून गेली. जफरला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. चौदा वर्षांनी एकच वाक्य बोलायचं होतं, तेही खोटं बोलला.

दोघांनी मिळून ड्रम टेम्पोत चढवले. "दोरी दे," बादल म्हणाला. जफरनं घाईघाईत खिळ्यावरची दोरी काढून दिली. ती माळ्यावरचीच होती, कापलेली, आणि एका तुकड्यात ती गाठ अजून तशीच होती. बादलनं गाठीवरून अंगठा फिरवला, तो तुकडा खिशात टाकला आणि उरलेल्या दोरीनं बांधायला लागला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं जफरला उगीचच काहीबाही वाटायला लागलं. त्यानं टेम्पोचा फाळका घट्ट धरला.

"बादल, मले तुले एक सांगाचं आहे. तुह्या काकानं तुले मारलं नं, त्या दिवशी..."

"आमच्या आज्यानं शिकवली मले ही गाठ," बादल दोरी आवळत म्हणाला. "बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या अशाच कसत जुने लोक. कितीक कोस चाला, सुटत नाही."

"ऐकून तं घे..."

"संध्याकाळी तांड्यावर ये वाजवाले." बादलनं शेवटचा फास ओढला. "ड्रम तूच उतरव. अन् या बारीले दोरी कापू नको. हे खालचं टोक ओढ, सुटते."