रुमालाखालचा हात

“पुण्याची ही कंपनी बंद पडली का?” मोहसीनभाईनं बायोडेटातल्या दोन वर्षांच्या नोकरीवर पेन टेकवून विचारलं.

संगमेश म्हणाला, पडली. तिथल्या साहेबांचा नंबर? तोही बंद. मग साहेब कुठं असतात? ते गावी गेले. मोहसीनभाईनं मान हलवली. लातूरच्या स्टँडमागं त्याचं ऑफिस, कंपन्यांना माणसं हुडकून द्यायची हा धंदा. अशा सोयीनं बंद पडलेल्या कंपन्या आठवड्याला दोन-चार तरी त्याच्या टेबलावर यायच्या.

उद्या मुलाखत होती. पशुखाद्याच्या कंपनीला देवणी, मुखेड, देगलूर असं गावोगाव फिरून शेतकऱ्यांशी बोलणारा माणूस पाहिजे होता. संगमेश एकोणतीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. याआधी चार ठिकाणी नाही ऐकून आला होता. ही नोकरी गेली तर पुन्हा देवणीचा गुरांचा बाजार आणि अप्पांच्या मागं मागं फिरणं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

अप्पा म्हणजे त्याचे वडील रेवणप्पा, देवणीच्या बाजारातले जुने दलाल. पूर्वी मोडलेला पाय डॉक्टरला दाखवायला लातूरला आले होते. “तुम्ही बाहेरच बसा,” असं संगमेशनं त्यांना दोनदा बजावलं होतं. दलाल बाप बघून साहेब लोक काय म्हणतील, ही त्याची भीती.

मोहसीनभाई शांतपणे समजावत होता. मला पैसे कंपनी देते, तुम्ही न्हाई. पण तिथं तुमचं नाव मी घेऊन जाणार. त्यांनी चौकशी केली अन् खोटं निघालं, तर तुमचं एकदा जाईल, माझं कायमचं. म्हणून जे काय असेल ते मला सांगा, कंपनीपुढं कसं मांडायचं ते आपण मिळून बघू. हाच बायोडेटा अजून कुणाला दिलाय का? संगमेशनं तो आणखी तिघांना दिला होता. न्हाई, म्हणाला. एकदा खोटं बोललं की दुसरं आपोआप सुचतं.

तेवढ्यात रेवणप्पा पाणी मागायचं निमित्त करून लंगडत आत आले. पाणी प्याले, बसले, आणि बाजारच्या सवयीनं मोहसीनला तू कुणाचा म्हणून विचारलं. तो हाळीच्या बाजारातल्या जिलानी दलालाचा मुलगा निघाला. मग काय, म्हातारा खूश. एका बाजारात त्यांनी अन् जिलानीनं मिळून किती बैलजोड्या विकल्या होत्या! बोलता बोलता त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मोहसीनच्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला.

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. जितकी बोटं तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही.

संगमेशनं रुमालाकडं बघून मनाशी धरलं. दोन बोटं. अप्पा दोन बोटं दाबून दोन वर्षं सांगून राहिले, दुसरं काय? अप्पांना तो बाजारातच पाहिजे होता. “तुझा हात चांगला बसलाय, कशाला नोकरी?” हे त्यानं शंभरदा ऐकलं होतं. मोहसीनभाईची नजर खाली गेली. संगमेशला आता गप्प बसवेना.

“मी पुण्यात नव्हतो भाई,” तो म्हणाला. “दोन वर्षं अप्पांच्या बाजारात होतो.”

मग सगळंच बाहेर आलं. बैलानं पाडल्यामुळं अप्पांचा पाय मोडला, घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यानं बाजार धरला. दात बघून बैलाचं वय सांगायला शिकला. मुखेडकडचे शेतकरी त्याला नावानं विचारत येऊ लागले. पण शिकलेल्या माणसानं दलाल म्हणून सांगायचं कसं, याची त्याला लई लाज वाटायची. बायोडेटा तिघांना दिलाय, हेही त्यानं सांगून टाकलं.

मोहसीनभाईनं पुण्याच्या ओळीवर काट मारली आणि तिथं लिहिलं: देवणी गुरांचा बाजार, दोन वर्षे. “कंपनी दोन महिने झाले असाच माणूस हुडकून राहिली,” तो म्हणाला, “अन् तुम्ही तेच खोडून आणलं. आता त्या तिघांना कळवा. एक जनावर चार दलालांच्या हातात दिलं की त्याची किंमत उतरते, हे देवणीच्या माणसाला मी सांगू का?” संगमेश त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

मुलाखतीत साहेबांनी दहा मिनिटं फक्त बाजाराचंच विचारलं. शिक्षणावर एकच प्रश्न आला. सोमवारी हजर व्हायचं ठरलं.

संगमेश बालुशाहीचा पुडा घेऊन मोहसीनभाईकडं आला. चहा झाला. मनातलं त्याच्याच्यानं मनात ठेववलं नाही. त्या दिवशी अप्पांचा लई राग आला होता, तो म्हणाला, पण बरंच केलं त्यांनी. त्यांनी बोटं दाबून तुम्हाला सांगितलं नसतं, तर मी मरेपर्यंत पुण्याचाच राहिलो असतो.

मोहसीनभाईचा हात बालुशाहीपाशी थांबला.

“सांगितलं? रेवणप्पामामानं एक बोट बी दाबलं न्हाई. नुसता माझा हात धरून बसले होते.”