मांडीवरचा पेला

"मेलेल्या माणसाला ना पासपोर्ट लागतो, ना समुद्र आडवा येतो!" मायामीतलं जुनं घर सोडताना सासूबाईंनी जाहीर केलं. तरी "मागाहून येतो" म्हणत क्युबातच राहिलेले आणि तिथेच वारलेले सासरे अजून पोचले नव्हते. त्यांच्या आत्म्यासाठी कपाटावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यात ते आल्याची खूण म्हणून कधी बुडबुडासुद्धा आला नव्हता. "नवं घर ह्यांना कसं सापडणार? मातान्सास गावात न्हाव्याकडे जातानाही चुकायचे!" म्हणत त्या पेला मांडीवर धरून गाडीत बसल्या. "थेंब सांडला तर मी इथेच उतरेन." मी गोगलगायीच्या चालीने निघालो. वळणावर चेष्टेने विचारलं, "सासरेबुवा बसले ना नीट?" पाण्यात बुडबुडे उठले. बंद गाडीभर चिरुटाचा वास पसरला. आमच्यात कोणीच ओढत नाही. "आलात?" सासूबाई पेल्याशी पुटपुटल्या. डोळे पुसून मला म्हणाल्या, "जावईबापू, एसी कमी करा. ह्यांना सर्दी होते."