मालकिणीची तपासणी

"बाबा, दुकान आईच्या नावावर हाये, त मंग तुम्हीच काहून बसता?" हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती.

"तिले काय समजते?" बाबा म्हणाले.

आमची पितळी भांडी ऑनलाइन विकली जातात. यंदा ॲपने मालकिणीची ओळख व्हिडिओवर तपासायला घेतली. "पाण्याचे हे गुंड कुठून आणता?" विचारलं की आई मागे वळून पाही आणि बाबा मागून उत्तर कुजबुजत. दोनदा ‘फसवणुकीचा संशय’ म्हणून कॉल तुटला. आता आठ दिवसांनी शेवटची संधी होती. तीही हुकली, तर घर चालवणारी विक्रीच बंद. बाबा डोकं धरून बसले.

मी दुकानाची किल्ली आईच्या हातात दिली.

"बाबा, ॲप खरं तेच बोलून राहिलं, ही फसवणूकच हाये. उद्यापासून दुकानात आई बसन. घरी भांडे तुम्ही घासा."