चालू पंप

बाबा शिडीवरून वर आले ते कोपरापर्यंत गाळाने माखून. हातातल्या डब्यात बोटाएवढे मासे वळवळत होते. पंपाच्या विहिरीत, नदीचं पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी, पाण्याखाली बारीक जाळी होती. तिला चिकटलेले हे मासे त्यांनी एकेक करून सोडवले होते.

"या पिल्लांची नावंसुद्धा ठेवली असतील तुम्ही," लेक थर्मास उघडत म्हणाली.

"ठेवली की. सगळ्यात हट्टी आहे तिला तुझं दिलंय."

ती हसली. पायाखाली पंप घुमत होता. जाळीचा गाळ काढायचा तर पंप आधी बंद करायचा, असा नियम होता. पण बंद केलेला पंप पुन्हा सुरू झाला की पाइपात बसलेला गाळ उठायचा, घराघरांतल्या नळांना गढूळ पाणी यायचं आणि पाणीपुरवठ्याच्या साहेबांचा फोन तक्रारींनी थांबायचा नाही. म्हणून साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "पंपाचा वेग कमी करा, बंद करू नका." लोखंडी दाताळ्याने वरूनच काम झालं असतं, पण मासे चिरडले असते. बाबा मग चालू पंपावरच पाण्यात उतरायचे. लेक काठावरून बघायची आणि एवढंच म्हणायची, "चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी जाळीवरचा एका जागचा गाळ सुटला आणि पाण्याची सगळी ओढ तिथेच आली. जाळीने बाबांना छातीशी धरून ठेवलं. कुणीतरी धावत जाऊन पंप बंद केला, तेव्हा सोडलं; तोवर बाबा गेले होते.

आठवड्याने ती पंपघरातून त्यांचे कपडे न्यायला गेली. साहेब खुर्चीतून उठले.

"फार मोठा माणूस. गावाला एक दिवस पाणी कमी पडू दिलं नाही त्यांनी."

"त्या दिवशीसुद्धा?"

साहेबांनी पंखा वाढवला.

ती बाहेर आली. विहिरीच्या काठावर नवा माणूस बाह्या दुमडत होता. बाबांच्याच वयाचा. पंप चालूच होता.

"ताई, जरा सरका. पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला, आणि त्याने एक पाय शिडीवर टाकला.

ती सरकली नाही. काहीतरी बोलली, पण त्या घरघरीत ते त्याला ऐकू गेलं नाही. तो आणखी एक पायरी उतरला. तिने वाकून त्याचं मनगट घट्ट धरलं.

"उतरू नका," ती ओरडली. "उतरू नका, बाबा."