धोंड्याच्या महिन्यातली पीएच.डी.

नांदेडला जावयाची, सुदर्शनची, पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा होती, म्हणून शेषेराव कंधारहून नवा फेटा बांधून आले होते. "अधिक महिन्यात सासऱ्याकडून धोंड्याचं जेवण, आहेर, अंगठी घेणं जावयांनी ताबडतोब बंद करावं," हा प्रबंधाचा निष्कर्ष ऐकून त्यांचा ऊर भरून आला.

"सभागृहातून कुणाला काही विचारायचंय?" अध्यक्षांनी रिवाजापुरतं विचारलं.

शेषेराव हात वर करून उठले. "लई झ्याक बोललात, जावईबापू! मंग परवाच्या धोंड्याची अंगठी करू नको म्हणून सोनाराला सांगू का?"

सुदर्शननं घोटभर पाणी पिऊन अध्यक्षांकडं पाहिलं.



"सर, हा प्रश्न माझ्या संशोधनाच्या कक्षेबाहेरचा आहे."