दुसरं बटण

“सांग वं नीले, श्रीधर की चिंतामण?” नानाजींनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं. “तू म्हणशील तो.”

नीलाने पोह्यांची कढई खाली उतरवली. बापाचा हा गोडवा तिला पचेना. बाहेरच्या खोलीत देवरावमामा बसले होते. दोन्ही स्थळं त्यांनीच आणलेली, दोन्ही घरांनी होकार त्यांच्याच हाती दिलेला. आज इथला निकाल घेतल्याशिवाय ते उठणार नव्हते.

चिंतामण कन्हानला खाणीच्या कचेरीत होता, श्रीधर इथेच नागपुरात, सदरला बँकेत. नीलाच्या मनात श्रीधर भरला होता. त्याने तिच्या अभ्यासाबद्दल विचारलं होतं, आणि नवल म्हणजे उत्तर संपेपर्यंत ऐकलंही होतं.

पण पाणी कुठेतरी मुरत होतं. गेल्या आठवड्यात नानाजी दोनदा सदरला जाऊन आले. काहून गेले होते, विचारलं तर म्हणे, “असंच.” श्रीधरचं नाव निघालं की आई पदराआड हसायची. म्हणजे यांनी आधीच ठरवून टाकलंय आणि वर मानाने विचारताहेत! उमरेडचा हातमाग सोडून नागपुरात आलेल्या या घराण्यात आजवर कुठल्या मुलीला कुणी विचारलं होतं?

फसवणूक हुडकणं हाच तर नीलाचा विषय होता. विद्यापीठात ती प्रोसेस अल्जिब्रा शिकत होती. संगणक केव्हा काय करतो, कुणासाठी थांबतो, हे बीजगणितासारखं चिन्हांत मांडायचं, म्हणजे तो कुठे दगा देईल ते आधीच कळतं. त्यातलं चहा-कॉफीच्या दोन यंत्रांचं उदाहरण तिला तोंडपाठ होतं. पहिल्यात नाणं टाकलं की दोन्ही बटणं चालतात, निवड तुमची. दुसरं यंत्र नाणं पडताच आतल्या आत ठरवून मोकळं होतं. मग एकच बटण चालतं, दुसरं नुसतं शोभेला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच: नाणं, मग चहा; नाणं, मग कॉफी. लबाड यंत्र ओळखायचं तर ते जे देणार नाही असं वाटतं, त्याचंच बटण दाबून पाहावं लागतं.

‘श्रीधर’ म्हटलं तर काय कळणार? आपण निवडलं, की आपल्याकडून वदवून घेतलं? हा किडा जन्मभर डोक्यात वळवळत राहिला असता.

“चिंतामण,” ती म्हणाली, आणि बापाच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. आता गडबडतील. आता ‘विचार कर पोरी’ म्हणतील. मग ती विचारणार होती, हे नाटक काहून करून राहिले बाबा?

नानाजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “पक्कं?”

“पक्कं.”

ते वळले. “देवराव, कन्हानचं पक्कं झालं. फोडा सुपारी.”

नीला दोन पावलं पुढे आली. “बाबा, थांबा ना...”

“आता काहून थांबू वं? सारे भाऊबंद हसून राहिले होते मले. पोरीले काय विचारतं गा, म्हणे. मी साऱ्यांसमोर सांगितलं, माही नीला म्हणीन तेच होईन.” त्यांचे डोळे भरून आले होते. “तुहा शब्द मी खाली पडू देणार नाही.”

बापाला काय सांगणार होती ती? तुमची परीक्षा घेत होते म्हणून? बाहेर अडकित्ता कटकन वाजला. सुपारी फुटली, की शब्द फिरत नाही.

नानाजी जवळ आले आणि देवरावमामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “आता सांगाले हरकत नाही. मले तर श्रीधर लय आवडला होता. दोनदा जाऊन पाह्यलं त्याले. पण तुह्याजवळ बोललो नाही. बोललो असतो, तर ते तुह्यं ठरवणं कसं झालं असतं?”